गांडुळांचा उपास

मामांनी पहिलं गांडूळ आणलं ते भाकरीच्या डब्यात, ओल्या मातीत घालून. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. ठेकेदारामार्फत लागलेले, पन्नाशी ओलांडलेले. काचेची भांडी धुवायची, चाव्या सांभाळायच्या, गांडुळांच्या कुंड्यांना पाणी घालायचं, ही त्यांची कामं. मी तेव्हा विद्यापीठात पीएचडी करत होते. माझ्या मार्गदर्शक मॅडम गांडुळांवर काम करणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक होत्या, असं त्या स्वतःच सांगायच्या.

मामांचं गाव सिल्लोडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. त्यांच्या बांधाखाली एक पाझर आहे आणि तिथं श्रावण-भाद्रपदात निळं गांडूळ निघतं, हे ते मला कितीदा तरी सांगायचे. मी हो हो म्हणायचे. गांडूळ काय निळं असतं? मग एका सोमवारी त्यांनी डबा उघडून माझ्यासमोर धरला. वीतभर लांब, करंगळीहून बारीक, आणि पाठीवर खरोखरच निळी-जांभळी झाक. बोट लावलं तसं ते चाबकासारखं वळलं.

मॅडमनी ते सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं आणि पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता.

"मामा, हे कुठं मिळालं?"

या जातीची एकच जुनी नोंद होती आणि कुठल्याशा संग्रहालयात फॉर्मलिनमध्ये बुडवलेला एक नमुना. फॉर्मलिनमधल्या नमुन्यातून धड डीएनए निघत नाही. जिवंत गांडूळ त्या नोंदीनंतर कुणी पाहिल्याचं माहीत नव्हतं. मॅडमनी तिथल्या तिथं ठरवलं की याचं पूर्ण जीनोम वाचायचं, आणि ते काम माझ्या प्रबंधाचा विषय होणार.

मामांनी विचारलं, "जीनोम म्हणजे काय वो मॅडम?"

मॅडमना समजावत बसायचा कंटाळा. म्हणून मी सांगितलं की प्रत्येक जिवाच्या आत त्याची सगळी माहिती लिहिलेली असते, तो कुठल्या घराण्यातला, कुणाचा कोण, त्याचं काय काय आहे. ते सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायचं.

"म्हंजी त्याचा सातबाराच की!" मामा म्हणाले.

मॅडम हसल्या. मॅडमना मामांच्या बोलण्यावर हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मामा मला ताई म्हणायचे. पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून त्यांनी हळू आवाजात "जय भीम" केला होता आणि मीही केला होता, दार लोटलेलं आहे हे बघून. त्यानंतर ते माझे झाले. माझा डबा राहिला तर अर्धी भाकरी माझ्यासाठी ठेवायचे. कुणी आलं की सांगायचे, "ही आपली ताई. डॉक्टर व्हणार हाय. सुईवाली नाय, पुस्तकातली." माझे वडील वाळूजला एका कंपनीत कंत्राटी कामगार. घरात मीच पहिली एवढं शिकलेली. मामांच्या तोंडून ते ऐकताना मला बरं वाटायचं आणि थोडी लाजही वाटायची. लाज कशाची, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

मॅडमचं बोलणं सुरीसारखं. आवाज कधी चढायचा नाही. एकदा माझ्या हातून डीएनए तपासायचं जेल फाटलं तेव्हा चार जणांसमोर म्हणाल्या, "तुमच्याकडच्या मुलींना संधी मिळते गं, पण शिस्त नाही ना मिळत. ती घरातून यावी लागते." मी "सॉरी मॅडम" म्हणाले. मामा मागं चंचुपात्र धूत होते. त्यांनी नळ मोठा सोडला.

मामांनी दोन आठवड्यांत आणखी तीन गांडुळं आणली. म्हणजे चार झाली. आता कामाची सगळ्यात नाजूक पायरी होती. गांडुळाचं पोट म्हणजे माती. त्या मातीत कोट्यवधी जिवाणू, आणि त्यांचाही डीएनए असतोच. म्हणून मारण्याआधी गांडुळाला दोन दिवस उपाशी ठेवायचं. माती नाही, पाला नाही, नुसता ओला कागद. पोटातली माती बाहेर पडते, तो कागद काढून टाकायचा, नवा घालायचा, पाणी शिंपडायचं. हे गांडूळ इतकं बारीक की आतडं सोलून वेगळं काढणं शक्यच नव्हतं. पोट साफ नसेल तर सगळं मुसळ केरात.

मामांना ते बघवायचं नाही. साध्या गांडुळांवर सराव करताना त्यांनी एकदा गुपचूप चिमूटभर कुजलेला पाला डब्यात टाकला होता. मॅडमनी पकडलं. "मामा, तुमची दया घरी ठेवून येत जा," म्हणाल्या. मामांनी कान पकडले. त्यानंतर त्यांनी कधी टाकला नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

शनिवारी सकाळी मी चारही निळी गांडुळं ओल्या कागदावर ठेवली. दुपारी लासूर स्टेशनला मावसबहिणीचा साखरपुडा होता. मॅडमनी बजावलं होतं की सोमवार सकाळपर्यंत दर चार तासांनी येऊन कागद बदलायचा. मी दुपारी एकदा बदलला आणि गेले. वाटलं, रात्री परत येऊ. तिथं सगळ्यांनी धरून ठेवलं. मीही राहिले. नवी साडी होती, लोक विचारत होते काय शिकतेस म्हणून.

रविवारी दुपारी येऊन झाकण उघडलं तर कागद वाळून कडक झालेला. गांडुळं त्याला चिकटलेली. दोन जरा हलत होती, एक वेटोळं करून पडलं होतं, एक मेल्यासारखं. पाणी शिंपडलं, काही होईना. मग मी कोपऱ्यातल्या कुंडीतली मूठभर ओली माती घेतली आणि चौघांवर घातली. अर्ध्या तासात ती मातीत शिरली. मी खुर्चीवर बसून रडले. वाचली म्हणून.

सोमवारी सकाळी मॅडम यायच्या आधी मी त्यांना बाहेर काढलं, धुतलं, नव्या कागदावर ठेवलं. द्रव नायट्रोजनचं भांडं आलेलं होतं. मॅडमनी विचारलं, "दोन दिवस पूर्ण झाले?" मी म्हणाले, "हो." एकेक गांडूळ चिमट्यानं धरून त्या धुरात सोडलं. त्या थंडीत जीव जायला क्षणही लागत नाही. काचेसारखं कडक होतं, टण् असा आवाज येतो. मी चौघांचे चार आवाज ऐकले. पोटात माती आहे हे मला माहीत होतं. वाटलं, एका रात्रीत किती खाल्ली असेल?

भरपूर खाल्ली होती. नमुना हैदराबादला गेला, तिकडच्या यंत्रावर वाचला गेला, आणि तीन महिन्यांनी निकाल आला. वाचलेल्या डीएनएच्या अक्षरांतली बहुतेक मातीतल्या जिवाणूंची होती. गांडूळ त्यात शोधावं लागत होतं. गोठवलेले उरलेले तीन नमुनेही त्याच डब्यातले, म्हणजे तेही वाया.

मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मी खुर्चीजवळ, मामा दारात.

"डब्यात माती कोणी टाकली?" आवाज नेहमीसारखाच शांत.

त्यांनी आधी दाराकडं पाहिलं.

"मामा, तुम्हीच ना? परत दया आली असेल."

"न्हाई मॅडम. म्या हात नाय लावला. सुट्टीच व्हती मला."

"मग काय हिनं टाकली? हिचा प्रबंध आहे तो." मॅडम माझ्याकडं वळल्या. "तू टाकलीस?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, वाट बघणं होतं. हे मला आता कळतं. तेव्हा मी मॅडमच्या टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

मला काहीतरी आणखी बोलावं लागेल असं वाटलं होतं. लागलं नाही. एवढा एक शब्द पुरला. मॅडमनी आमच्यासमोरच ठेकेदाराला फोन लावला. "तो माणूस पुढच्या महिन्यापासून नको. दुसरा पाठवा. जरा तरुण बघा." फोन ठेवून मला म्हणाल्या, "जा, बघ त्या डेटातून काही वाचवता येतंय का."

महिनाअखेरीला मामांनी चाव्या माझ्याकडं दिल्या. कुठली चावी कुठल्या कपाटाची ते एकेक करून दाखवलं, दोनदा. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "येतो ताई." आणि गेले.

घरी जेवताना मी सांगितलं की मामांना काढलं. वडिलांनी विचारलं, "त्याच्या बाजूनं कुणी बोललं नाय का?"

"नाही."

"कंत्राटाचं असंच," ते म्हणाले आणि पुढचा घास घेतला. त्यांना स्वतःला दोनदा असं काढलेलं होतं. माझ्या घशाखाली घास उतरला का, असं कुणी विचारलं तर, उतरला. मी दोन भाकरी खाल्ल्या.

पुढचं वर्ष वाट बघण्यात गेलं. उन्हाळ्यात गांडुळं खोल जातात, हाती लागत नाहीत. श्रावण आला आणि मॅडम म्हणाल्या, "त्याच्याकडं जा. तुझ्यावर माया आहे त्याची."

"मॅडम, ते कसे देतील?"

"देईल. ती माणसं मनात धरत नाहीत."

मी सकाळच्या एसटीनं निघाले. हर्सूल मागं पडलं, फुलंब्री गेलं. वाटेत मी ठरवत होते की आधी माफी मागायची, मग गांडुळांचं बोलायचं. सिल्लोडला उतरून काळीपिवळी धरली. गावात शिरताशिरता क्रम उलटा झाला होता. आधी गांडुळं, मग माफी. माफी ऐकून त्यांनी नकार दिला असता तर?

मामी अंगणात मका सोलत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांचे हात थांबले.

"तुम्ही व्हय त्या ताई," त्या म्हणाल्या. "तुमच्या डब्यात माती पडली, आन आमच्या अन्नात कालवली गेली. या, बसा." बसायला काही दिलं नाही.

मामा आतून आले. वर्षभरात गालफडं बसली होती. सिल्लोडला कापसाच्या एका जिनिंगवर वॉचमन म्हणून लागले होते, दुपारी जायचं होतं. मी का आले हे त्यांनी विचारलंच नाही. पायात चप्पल घातली, कोपऱ्यातलं खुरपं उचललं आणि पुढं चालायला लागले.

पाझर बांधाखाली होता, उंबराच्या मुळाशी. चार-पाच पावलांची ओली जागा, बस्स. एवढ्याशा जागेत ती जात उरली होती. मामांनी खुरपं माझ्या हातात दिलं.

"खोदा."

"मामा, तुम्हीच..."

"म्या नाय खोदणार. तुमचं काम हाय."

ते बांधावर जाऊन बसले. मला खोदता येत नव्हतं. माती उकरत गेले आणि खुरप्याच्या पात्याखाली काहीतरी मऊ लागलं. वर काढलं तर निळं गांडूळ, मधोमध कापलेलं. दोन्ही तुकडे वळवळत होते. मी घाबरून म्हणाले, "मामा, हे जगेल ना? दोन होतात ना याची?"

"ते शाळंत सांगत्यात," मामा म्हणाले. "दोन नाय व्हत. मरतं."

मी पुन्हा खुरपं टेकवलं तेव्हा मात्र ते उठले. माझ्या हातातून खुरपं घेऊन बाजूला फेकलं आणि नुसत्या बोटांनी मातीची ढेकळं उलटायला लागले, पोळी उलटावी तशी. अर्ध्या तासात तीन सापडली. माती चाचपता चाचपता, माझ्याकडं न बघता, म्हणाले, "त्या रविवारी म्या आलतो."

"कुठं?"

"टाकीचं पाणी बघाया. दारातनं दिसलं. तुम्ही माती घालत व्हत्या, आन रडत व्हत्या. म्हणलं असूं दे, पोरगी घाबरलीय. आत नाय आलो."

मी विचारलं, "मग त्या दिवशी मॅडमना का नाही सांगितलं?"

आता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "माझं कोण ऐकणार व्हतं? आन मला वाटलं, तुम्ही सांगाल."

मी म्हणाले, "मी सांगेन मामा. हे काम झालं की नक्की सांगेन."

"झाल्यावर?"

"हो. प्रबंध जमा झाला की."

ते हसले. तसं हसताना मी कुणाला पाहिलं नाही, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. "मग नका सांगू," म्हणाले. "तवा सांगून मला काय करायचं?"

त्यांनी दोन गांडुळं माझ्या डब्यात ठेवली. तिसरं तळहातावर घेतलं, उंबराच्या मुळाशी बोटानं खड्डा केला आणि त्यात सोडलं. वरून माती सारली. "हे ऱ्हाऊ द्या. वरच्या रानात बोअर पाडलंय, पाझर आटत चाललाय. औंदा दुसरी दिसली नाहीत. बी तरी ऱ्हाऊ द्या." मग हात धुवायला ओढ्याकडं गेले.

ओढा वीसेक पावलांवर. त्यांची पाठ माझ्याकडं होती.

दोन पुरली नाहीत तर? एकाचा डीएनए तुटला, एक वाटेत मेलं तर? मॅडम काय म्हणतील ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. मी गुडघ्यावर बसले, त्या मुळाशी बोटं घातली. माती अजून भुसभुशीत होती, गांडूळ खोल गेलं नव्हतं. डब्याचं झाकण लावून मी उभी राहिले आणि पदरानं हात पुसले. मामा आले. डबा त्यांनीच उचलून माझ्या पिशवीत उभा ठेवला, आडवा होऊ नये म्हणून.

या वेळी मी दोन दिवस प्रयोगशाळा सोडली नाही. दर चार तासांनी कागद बदलला. निळी पाठ उपाशी कशी फिकी पडत जाते ते पाहत बसले. काम नीट झालं. इतकं नीट की पहिल्याच गांडुळातून हवा तेवढा, लांबच लांब, अखंड डीएनए निघाला. दुसरं राखीव म्हणून गोठवलं. तिसऱ्याची गरजच पडली नाही. मॅडम म्हणाल्या, "अरे वा, एक जास्तीचं आहे? म्युझियमसाठी घालून टाक." मी ते फॉर्मलिनमध्ये घातलं. फॉर्मलिनमध्ये ती लवकर मरत नाहीत.

जीनोम पूर्ण झालं. शोधनिबंध आला. मॅडमचं नाव, माझं नाव, हैदराबादच्या दोघांची नावं. शेवटी बारीक अक्षरात "स्थानिक साहाय्याबद्दल आभार". त्यात मामांचं नाव घालावं असं मी मसुद्यात लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडलं आणि मी पुन्हा लिहिलं नाही. विद्यापीठाच्या सभागृहात मॅडमचं व्याख्यान झालं. भरलेल्या सभागृहाला त्या म्हणाल्या, "मी नेहमी सांगते, जीनोम म्हणजे त्या जिवाचा सातबारा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. मीही वाजवल्या.

तोंडी परीक्षा झाली, नावापुढं डॉक्टर लागलं, शहरातल्याच एका महाविद्यालयात नोकरी लागली. त्यानंतर, काहीच धोका उरला नाही तेव्हा, मी पेढे घेऊन मॅडमकडं गेले आणि सांगितलं की पहिल्या वेळी माती मी टाकली होती.

मॅडम पेढ्याचा कागद सोडवत होत्या. "मग?" म्हणाल्या.

"मामांची चूक नव्हती."

"बरं. मग आता मी काय करू त्याचं? बसलेली धूळ कशाला उडवतेस? काम झालं ना." मग एक पेढा उचलून, "आणि हे बघ, तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी तुला काढलं असतं. तू गप्प बसलीस तेच शहाणपण. तेवढं तरी शिकलीस माझ्याकडून."

मी त्यांच्या पाया पडले. पाया पडायची पद्धत होती.

गांडुळं नेल्यानंतरचा दुसरा पावसाळा सरल्यावर, कापसाच्या दिवसांत, मी सिल्लोडला त्या जिनिंगच्या फाटकावर गेले. मामा खाकी शर्टात स्टुलावर बसले होते. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. मी म्हणाले, "मामा, मॅडमना सांगितलं मी."

"बरं केलं," ते म्हणाले. रस्त्यावरच्या माणसाला म्हणावं तसं.

"पाझरावर निघाली का गांडुळं यंदा?"

"न्हाई. दोन साल झाली, एक बी नाय." त्यांनी वही काढली, पुढच्या गाडीचा नंबर लिहिला. मग पेन कानावर ठेवून विचारलं, "तिसरं तुम्ही नेलं ना?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"हो," मी म्हणाले.

"लागलं का ते?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यानं. मामा उठले. "सरका बाजूला," म्हणाले. ताई म्हणाले नाहीत. फाटक जड होतं, दोन्ही हातांनी लोटावं लागायचं. मी हात लावायला पुढं झाले, तेव्हा त्यांनी "नगं" म्हटलं. मी बाजूच्या चहाच्या टपरीपाशी उभी राहिले. एकामागून एक गाड्या आत गेल्या. शेवटच्या गाडीमागून फाटक लागलं आणि मामा आतल्या बाजूला राहिले.